सैतानाचं तिसरं पत्र आणि आईचे गुडघे

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ आला, की मी ख्रिस्ती लेखक सी. एस. लुईसचं 'द स्क्रूटेप लेटर्स' हे पुस्तक परत काढते. स्क्रूटेप म्हणजे नरकातला मुरलेला सैतान, आणि तो आपल्या नवशिक्या नेफ्यूला, वर्मवुडला, पत्रं लिहून शिकवतो की माणसाला मोहात कसं पाडायचं (नेफ्यू म्हणजे पुतण्या की भाचा हे इंग्रजीत कळत नाही, मी आपलं भाचा धरते, म्हणजे स्क्रूटेप मामा). एकूण ३१ पत्रं, १९४१ मध्ये चर्चच्या एका साप्ताहिकात आली, पुढच्या वर्षी पुस्तक, आणि पत्रांचं मानधन लुईसने पाळकांच्या विधवांसाठी देऊन टाकलं. त्यात देव म्हणजे 'शत्रू' आणि वर्मवुडने ज्याला मोहात पाडायचं तो माणूस म्हणजे 'पेशंट', हे उलटं वाचायची सवय व्हायला थोडी पानं जातात.

तेव्हा बाहेर महायुद्ध पेटलेलं, पण मामाला त्याचं फारसं कौतुक नाही. त्याचं लक्ष कुठे, तर पेशंट आणि त्याची आई एका घरात राहतात, नाश्त्याला त्यांचे खटके उडतात, तिकडे. तिसऱ्या पत्रात तो म्हणतो, त्याला आईसाठी प्रार्थना करू दे की, फक्त ती तिच्या आत्म्यासाठी असू दे, तिच्या संधिवातासाठी नको. मग मनात एक वेगळीच आई तयार होते आणि खरी आई समोर बसलेली असूनही लांब जाते.

हे वाचून मी पुस्तक मिटलं होतं. कारण मीही तेच करत होते ना, प्रभू आईला सहनशीलता दे, तिचा हट्ट कमी कर, रोज हेच, आणि ती आमच्या गुरुवार पेठेतल्या वाड्याचा लाकडी जिना एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढते हे बघूनसुद्धा गुडघ्यांचं नाव कधी तोंडात आलं नाही. वर 'मी फक्त विचारलं जेवण कधी' असं म्हणायचं, पण कुठल्या सुरात विचारलं ते मला माहितीये, आणि त्या सुराबद्दलही मामाने त्याच पत्रात लिहिलंय!!

त्या रविवारी पंचहौद चर्चला उपासनेत प्रभूची प्रार्थना म्हणताना 'परीक्षेत आणू नको'पाशी (परीक्षा म्हणजे इथे मोह) माझा आवाजच गेला. आई शेजारी बाक धरून उभी होती. बाहेर आल्यावर विचारलं, आई, खूप दुखतंय का गं?

म्हणाली, उजवा जास्त.