त्या मॅचला आम्ही होतो

कोल्हापुरात पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला चहा पाजावा आणि फुटबॉलचा विषय काढावा. कप खाली ठेवायच्या आत गडी 'त्या मॅच'ला जाऊन पोचलेला असतो. ती म्हणजे कुठली, हे विचारायचं नसतं. प्रत्येक पेठेची आपली एक 'ती मॅच' आहे आणि त्या मॅचला सगळी पेठ हजर होती. आजारी माणसं, बाळंतिणी, ड्युटीवरचे कंडक्टर, सगळे. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर एवढी माणसं बसली कशी, हा हिशेब करायला गेलं की मांडीवर माणूस आणि त्याच्या खांद्यावर दुसरा, असंच उत्तर येतं.

आमच्याकडचा फुटबॉल तालमीत वाढला. पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम. परगावच्या माणसाला ही नावं वाचून कुस्त्यांचा फड आहे असंच वाटतं. त्यात चूक नाही म्हणा, काही मॅचेस शेवटी तिकडंच जायच्या. शिवाय शिवाजी तरुण मंडळ आहे, आणि प्रॅक्टिस क्लब. या शेवटच्या नावाचं मला लहानपणी फार नवल वाटायचं. फायनलला उतरले तरी आपले प्रॅक्टिसच.

संघ निवडायचा नसतो. घर कुठल्या गल्लीत, त्यावर तो ठरलेला. आमची काकू मंगळवार पेठेतली, दिली शिवाजी पेठेत. एरवी अत्यंत गरीब बाई. पण दोन पेठांची मॅच असली की सकाळपासून ओठ मिटून स्वयंपाक करायची. संध्याकाळी काका पडलेल्या चेहऱ्यानं घरी आले की आमटीला हमखास चव असायची. पेठ जिंकली तर मीठ जास्त. काका मुकाट जेवायचे. जिंकलेल्या माणसाला तेवढं सोसतं.

आता माझी 'ती मॅच'. साल १९८६ च्या आसपासचं. वर्ष पक्कं आठवत नाही, पण मॅराडोना लक्षात आहे. त्या जूनमध्ये मेक्सिकोतला वर्ल्ड कप दूरदर्शननं दाखवला. गल्लीतल्या एका टीव्हीपुढं रात्री आम्ही तीसेक जण कोंबून बसायचो आणि तेव्हापासून कोल्हापूरची पोरं स्वतःला ब्राझील किंवा अर्जेंटिना समजायला लागली. अजूनही वर्ल्ड कप आला की चौकाचौकात फलक लागतात आणि ब्वेनोस आयरेसमधल्या माणसाला लाजवतील अशी भांडणं होतात. २०१७ साली सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये आपला अनिकेत जाधव भारताकडून उतरला, तेव्हा पहिल्यांदाच सगळ्या पेठा एका बाजूला बसल्या.

तर, शिवाजी पेठ विरुद्ध मंगळवार पेठ. संघांची नावं घेत नाही, कारण मला रोज त्या चौकांतून जावं लागतं. वडिलांनी मला आणि चुलतभावाला तिकिटाचे पैसे दिले होते. वाटेत खासबागेजवळ भेळ लागते. पुढचं सांगायला नको. भेळ संपली तेव्हा हातात कागद उरला होता, पैसे नव्हते, आणि आतून हलगी ऐकू येत होती.

आम्ही भिंतीला लागून उभे राहिलो. आमच्यासारखे आणखी वीस-पंचवीस जण होते. त्यात एक हातगाडीवाले मामा. त्यांनी गाडी भिंतीला लावली, टपावर चढले आणि आम्हाला वरून मॅच सांगायला लागले. आपला चेंडू अडला की "फाऊल! दिवसाढवळ्या फाऊल!" आणि समोरच्यांचा अडला की "नुसता पडतोय लेकाचा, नाटकी." बाकीचं आम्ही कानांनी बघत होतो. तासाभरात मला गर्दीची भाषा कळायला लागली. चेंडू बारवरून गेला की आवाज चढतो आणि मध्येच फाटतो. गोलकीपरनं धरला की अर्धं स्टेडियम हळहळतं आणि उरलेलं अर्धं शिट्ट्या मारतं. गोलचा आवाज वेगळाच. तो आधी पायाखालच्या मातीत येतो, मग कानात.

तो आला. मामा टपावरून पडता पडता वाचले. "डाव्या पायानं! वाकडा फिरवून! वरच्या कोपऱ्यात!" भाऊ मला मिठी मारून नाचत होता आणि मला तो गोल स्वच्छ दिसला. आजही दिसतो. डावा पाय, फिरलेला चेंडू, हललेली जाळी.

कलकत्त्यात हेच आहे म्हणतात. २४ सप्टेंबर १९७७ ला ईडन गार्डन्सवर पेले न्यूयॉर्कच्या कॉसमॉस क्लबकडून मोहन बागानविरुद्ध खेळला, २-२ बरोबरी झाली. तिथल्या त्या पिढीतला माणूस 'मी नव्हतो' असं म्हणत असेल तर तो कलकत्त्याचाच नसावा. आणि लंडनच्या वेम्बली स्टेडियमला १९२३ च्या एफए कप फायनलला प्रेक्षकांचा अधिकृत आकडा १,२६,०४७, पण भिंतींवरून उड्या मारून घुसलेल्यांचा अंदाज दोन लाखांच्या वर जातो. म्हणजे तिथले म्हातारे तरी खरं बोलत असतील.

गेल्या महिन्यात चौकात चहाला बसलो होतो. विषय निघालाच. एक म्हणाला, डोक्यानं मारला. दुसरा म्हणाला, फ्री-किक होती, तीस यार्डांवरून. मी म्हणालो, डावा पाय. वाद पेटला. बाकावर कोपऱ्यात एक टक्कल पडलेले गृहस्थ बशीत चहा ओतून पीत बसले होते. कुणाच्या तरी लक्षात आलं की गोल मारणारे हेच.

"तात्या, तुम्हीच सांगा की."

त्यांनी बशी खाली ठेवली. "मी कुठला मारतोय? कॉर्नर आला, त्यांच्या बॅकच्या गुडघ्याला लागला आणि आत गेला. मी शेजारी उभा हुतो."

क्षणभर कुणी बोललं नाही. मग सगळे एकदम तुटून पडले. तात्यांचं वय झालंय, तात्या दुसरी मॅच सांगतायत, तात्यांना आधीपासूनच विसरायची सवय. तात्यांनी पुन्हा बशी उचलली. भांडणारी माणसं त्यांच्याच गोलसाठी भांडत होती, त्यामुळं त्यांना फार वाईट वाटलं असेल असं दिसलं नाही.

उठताना त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तू रं? कुठं हुतास त्या दिवशी?"

"भिंतीकडं," मी म्हणालो. "अगदी लागूनच."