डरहॅमला संत कथबर्टच्या समाधीपाशी

आज शेवटी इंग्लंडमधल्या डरहॅम कॅथेड्रलला, सातव्या शतकातल्या संत कथबर्ट या भिक्षूच्या समाधीपाशी जाणं झालं. वेदीच्या मागे थोड्या पायऱ्या चढून गेलं की जमिनीत एक साधी दगडी लादी आणि त्यावर लॅटिनमध्ये फक्त नाव, कथबर्टस, बस एवढंच. राजा आठव्या हेन्रीच्या काळात इथलं सगळं वैभव तोडून नेलं, तरी लोक अजून येतात, गुडघे टेकतात. माझ्या शेजारी एक आजी कितीतरी वेळ डोळे मिटून बसल्या होत्या.

या कथबर्टला लिंडिसफार्नचा बिशप व्हायचंच नव्हतं हो! ६८५ मध्ये आग्रह करकरून केलं, दोन वर्षांत परत आपल्या फार्न बेटावर गेला आणि ६८७ च्या मार्चमध्ये तिथेच वारला. पुरलं मात्र लिंडिसफार्न बेटावरच्या मठात. पुढे व्हायकिंगांच्या भीतीने ८७५ मध्ये भिक्षू त्याची शवपेटी खांद्यावर घेऊन लिंडिसफार्नहून निघाले ते फिरत फिरत, मध्ये चेस्टर-ली-स्ट्रीट या गावी शंभरेक वर्षं राहून ९९५ ला डरहॅमला पोचले, किती पिढ्यांनी सांभाळलं असेल!

म्युझियममध्ये त्याचा छोटासा सोन्याचा क्रॉस आहे, लाल गार्नेट बसवलेला. खालची बाजू मोडलेली, ती त्या जुन्या काळीच कुणीतरी जोडलीय. त्या जोडापाशी मी खूप वेळ उभी होते.