तुम्ही विचारलंत म्हणून: बायकांच्या रोजगारात आपण कितवे?

अर्थशास्त्र शिकवतो म्हटलं की जळगावात लग्नाच्या पंगतीतसुद्धा एक प्रश्न ठरलेला: 'सर, बायकांच्या नोकरीत आपला देश कितवा हो?' विचारणाऱ्याला नंबर हवा असतो. मी नेपाळपासून सुरुवात करतो, आणि तो भरीत वाढून घ्यायला उठतो. तुम्ही बसलेले आहात असं धरून सांगतो.

नेपाळच्या २००८च्या पाहणीत १५ वर्षांवरच्या शंभर बायकांमागे ८० जणी श्रमशक्तीत, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्यांत, होत्या. २०१७-१८च्या पाहणीत २६. एवढ्या बायका दहा वर्षांत घरी बसल्या? छे. मधे, २०१३ साली, आंतरराष्ट्रीय पातळीवर व्याख्या बदलली: घरी खाण्यापुरतं पिकवणं हे काम खरं, पण रोजगार नव्हे. खाचर तेच, भात तोच, बाईही तीच. पुरुषही सुमारे ८८ वरून ५४ वर आले, पण बायकांइतके कोसळले नाहीत, कारण खाण्यापुरत्या शेतीत बायकाच जास्त होत्या.

मला हे पटलं ते आईमुळे. पारोळ्याजवळचं आमचं गाव, कोरडवाहू कपाशी. एका दिवाळीनंतर पाहणीवाला दारात आला. 'बाई काय करतात?' वडील म्हणाले, 'ती घरच ऱ्हास' (घरीच राहते). आई तेव्हा ओसरीवर कमरेची ओटी सोडत होती, पदराला कापूस चिकटलेला. सकाळी आमच्या वावरात वेचणी, दुपारनंतर दुसऱ्याच्या वावरात किलोच्या भावाने. पाहणीवाल्याने लिहून घेतलं आणि निघाला. आपल्या पाहण्यांत नुसतं घरकाम करणारीला ९२ हा क्रमांक देतात आणि ती रोजगारात धरत नाहीत. घरच्या शेतीत बिनपगारी राबणारीला २१, मजुरीला जाणारीला ५१. या दोघी धरतात. आई कुठे जाणार, हे त्याने आणखी एक प्रश्न विचारण्यावर होतं. तो त्याने विचारला नाही. (वडील खोटं बोलले असंही मला वाटत नाही. त्यांच्या लेखी वावर म्हणजे घरच.)

आता भारताचा आकडा बघा. श्रमशक्तीतल्या बायका २०१७-१८ला शंभरात २३, २०२३-२४ला ४२. सहा वर्षांत एवढी उडी! कोणी म्हणतं प्रगती, कोणी म्हणतं आता नीट विचारतात. मी आतला हिशेब बघतो. काम करणाऱ्या बायकांत स्वयंरोजगारवाल्यांचा वाटा ५२ टक्क्यांवरून ६७वर गेला, नियमित पगारवाल्यांचा २१ वरून १६वर आला. म्हणजे भर पडली ती मुख्यतः वावरात, गोठ्यात, घरच्या दुकानात. पंगतीतला माणूस 'नोकरी' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर हे नसतं.

पुरुषांची रेघ मात्र कोणी विचारत नाही. अमेरिकेत १९४८ साली शंभरात ८७ पुरुष आणि ३३ बायका श्रमशक्तीत होत्या. २०२३ला ६८ आणि ५७. बायका चढल्या हे खरंच, पण दरी कमी झाली त्यात निम्म्याच्या आसपास हात पुरुषांच्या उतरणीचा आहे. शिक्षण लांबलं, म्हातारे वाढले, निवृत्त वाढले. बायकांची रेघही तिथे १९९९-२०००च्या सुमारास ६०ला टेकून थोडी उतरली. नेदरलँड्समध्ये १९५०च्या दशकापर्यंत सरकारी नोकरीतल्या बाईला लग्न झालं की घरी पाठवत. आज तिथल्या बहुतेक बायका कमावतात, पण निम्म्याहून जास्त जणी अर्धवेळ. तक्त्यात मात्र आठवड्याला वीस तासवाली आणि चाळीस तासवाली सारख्याच मोजल्या जातात.

म्हणून कितवे ते सांगायचं तर आधी विचारावं लागतं: कोणत्या वयाच्या, किती तासांच्या, कोणत्या व्याख्येने. एवढं ऐकायला पंगतीत कोण थांबतो?

गेल्या जूनमध्ये पुतण्याचा कॉलेजचा फॉर्म भरायला बसलो. वहिनी वेचणीला जाते, बचतगटाचे पापडही करते. 'आईचा व्यवसाय' या रकान्यात पोराने मला न विचारताच 'गृहिणी' लिहिलं. मी थांबवलं तर म्हणाला, 'काका, सगळे हेच लिहितात.'