खुंट्यांच्या मधली जागा

सोमवार. पहाटेपासून धार लागलीय.

भाच्यासाठी करतोय त्या गिटारीबद्दल त्याचा मेसेज सकाळी बघितला, तो दिवसभर डोक्यातून जात नाहीये. ‘मामा, वर ते मार्टिनचं नाव टाकशील? १८३३वालं. कोणाला कळणार नाही.’ आणि पुढे एक हसरा चेहरा. मार्टिन म्हणजे अमेरिकेतली जुनी, नावाजलेली गिटार कंपनी.

कोणाला कळणार नाही. हे शेवटचं वाक्य नसतं तर मी कदाचित हसून सोडून दिलं असतं.

मे २०२१च्या तौक्त्यात परसातला फणस आडवा झाला. बाबा म्हणाले होते, ‘जाळूक नको.’ फळ्या पाडून आणल्या आणि पडवीत त्यांनी तीन पावसाळे काढले. त्यांच्यातून गिटारीची पाठ निघाली, बाजू निघाल्या. बाजू वाकवताना एक तडकली, पुन्हा काढली. गळा सागवानाचा. वरची स्प्रूसची फळी तेवढी विकत आणली. चौदा महिने रात्री नऊनंतर हेच. बाबांनी काही ती बघितली नाही. असो.

आणि एवढं करून वरच्या चार बोटं जागेत नाव कुणाचं, तर ज्याने आमचा फणस कधी खाल्ला नाही त्याचं. दुपारी जेवताना घास उतरत नव्हता. आईने विचारलं तर म्हटलं पित्त झालंय.

आता खरं लिहितो, वहीत खोटं लिहून काय मिळणार? शनिवारी रात्री, मेसेज यायच्या दोन दिवस आधी, मी ते नाव छापून पाहिलं होतं. ‘अक्षराची जाडी बघायला’, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. तिरकं, झोकदार अक्षर, खाली स्थापनेचं साल. कात्रीने कापून हेडस्टॉकवर, म्हणजे गळ्याच्या टोकाला खुंट्या असतात त्या भागावर धरलं, लांबून बघितलं. बरं दिसलं. बरं कसलं, एकदम खरं दिसलं! शेजारी माझं नाव धरलं, तर शाळेच्या कंपासपेटीवर चिकटवलेलं लेबल. मग दोन्ही कागद चुरगळून कचऱ्यात टाकले आणि झोपलो. म्हणजे भाच्याने आज जे मागितलं ते मी आधीच करून बसलो होतो. राग त्याचाच आला असावा. की त्या बऱ्या दिसण्याचा?

गंमत म्हणजे तो मार्टिनही सुताराच्याच घरातला. जर्मनीत त्यांच्या गावी व्हायोलिनवाल्यांच्या संघाचं म्हणणं, सुतारांनी गिटारी करायच्या नाहीत, तो आमचा धंदा. भांडण बरीच वर्षं चाललं. शेवटी १८३३ साली गडी न्यूयॉर्कला उतरला आणि दुकान थाटलं. पहिल्या दिवशी त्याचं नाव तरी कोण ओळखत होतं? हे भाच्याला लिहून पाठवावं म्हणून टाइप केलं आणि खोडलं. फार शिकवल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी आईजवळ बोललो, सगळं नाही, अर्धंच. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘होडयेर काय सुताराचा नाव असता?’

मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर लहानपणापासून होड्या बघतोय, पण हा विचार कधी डोक्यात आला नव्हता. होडीवर देवीचं नाव असतं, पोरीचं असतं, मालकाच्या आईचं असतं. ज्याने ती घडवली त्याचं नाव कुठेच नाही. सावंतवाडीच्या लाकडी फळांचंही तेच. आमच्या घरातला आंबा आज पुन्हा उलटापालटा करून बघितला, नाव नाही. म्हणजे इथल्या रीतीने पाहिलं तर नाव मालकाने ठेवायचं, आणि मालक भाचा. मग माझी तक्रार काय उरली? उरली थोडी. होडीवर कुणी ‘विक्रांत’ लिहिलं तर ती युद्धनौका आहे असं कुणी मानत नाही. भाच्याला मात्र मानायला लावायचंय.

तिकडे स्पेनच्या पद्धतीच्या गिटारींना वर नाव नसतंच म्हणे. कारागिराची चिठ्ठी आत, पाठीला चिकटवलेली, भोकातून वाकून वाचायची. हे मला पटतं. पण पटतं म्हणून शांत बसवेल असा माझा स्वभाव नाही. रात्री माझंच नाव पुन्हा छापलं.

शिंपल्याचं कोरून बसवायचं मूळचं स्वप्न होतं, ते माझ्या हातांकडे बघून सोडलं. डेकलचा कागद आणला, पाण्यात भिजवून वरची छाप सरकवून चिकटवायचा. घरच्या प्रिंटरला पांढरी शाई नसते, त्यामुळे काळ्या शिसवीवर काहीच उमटणार नाही हे आधी कळलं होतं. म्हणून हेडस्टॉकवरही फणसाचीच पिवळी पट्टी लावलेली, वर काळं अक्षर. छापल्यावर स्प्रेचे तीन हलके हात, नाहीतर पाण्यात शाई सुटते. मग बशीत पाणी, जेमतेम मिनिटभर, आणि बोटाने सरकवत जागेवर. श्वास रोखून. एक बुडबुडा राहिला होता, तो कापसाने कडेला काढला. सरळ बसलं. अगदी सरळ. इतकं सरळ माझं आजवर काही बसलेलं नाही.

इथे थांबायला हवं होतं. पण उत्साह. बाहेर धो धो पाऊस, भिंतींना ओल, आणि मी लॅकरचा हात मारला. थिनर उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं, हे मला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी आईचा पाट याच पापाने पांढरा केला होता. पाचेक मिनिटांत सगळ्यावर दुधाळ धुकं. नाव आत कुठेतरी आहे. कोरडा दिवस मिळाला तर थिनरची हलकी फवारणी करून धुकं उतरेल, पण श्रावणात कोरडा दिवस कुठून आणू?

साडेदहाला भाच्याचा व्हिडिओ कॉल. सकाळच्या मेसेजचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. गिटार दाखव म्हणाला. दाखवली.

‘मामा, नाव पुसलंस?’

‘पावसान पुसल्यान,’ म्हटलं.