आप्पांच्या गोळ्या आणि दुपारचे ताट

जळगावच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी आप्पांना पार्किन्सन, म्हणजे हालचाली मंदावणारा आणि अंग ताठरवणारा मेंदूचा आजार, असल्याचे निदान करून लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी सुरू केली, तेव्हा अमळनेरच्या आमच्या घरात सर्वांचा समज असा होता की गोळी पोटात गेली म्हणजे काम झाले. सुरुवातीला ते खरेही ठरले. पुढे मात्र सकाळची गोळी घेऊन अंगणात मोकळेपणाने फिरणारे आप्पा दुपारची गोळी घेऊनही खाटेवरून उठताना जखडून जात, आणि याचे कारण काही केल्या उमगत नव्हते.

डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली. गोळी कधी घेतली, जेवण कधी झाले, ताटात काय होते आणि हातपाय कधी सुटले, एवढेच तिच्यात लिहायचे. हात सुटल्याची खूण म्हणून मी सदऱ्याची वरची गुंडी धरली. ती आप्पांना स्वतःला लावता आली की गोळी लागू पडली असे समजायचे. वही चाळून डॉक्टरांनी नेमके दुपारच्या ताटावर बोट ठेवले. कळण्याची भाकरी आणि वर उडदाची डाळ, म्हणजे भाकरीतही उडीद आणि वाटीतही उडीद, आणि उडदात प्रथिने भरपूर! प्रथिनांपासून तयार होणारी अमिनो आम्ले आणि लेव्होडोपा आतड्यातून रक्तात व रक्तातून मेंदूत एकाच वाटेने शिरतात, त्यामुळे ती वाट अडली की औषध मागे राहते. गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने द्यायची, असे ठरले. कळणा रात्रीच्या जेवणात गेला. "रातले खासू," एवढे म्हणून आप्पांनी विषय संपवला. रक्तवाढीसाठी चालू असलेली लोहाची गोळीही, ती लेव्होडोपाला बांधून ठेवते म्हणून, काही तासांच्या अंतराने देऊ लागलो.

नातेवाइकांनी खाजकुयलीच्या बियांचे चूर्ण सुचवले. त्या बियांत लेव्होडोपा खरोखरच असते, आणि माझी अडचण नेमकी तीच होती: चमचाभर चूर्णात ते किती, हे ठाऊक नसताना मोजून दिलेल्या गोळ्यांत त्याची भर कशी घालायची? मी नम्रपणे नकार दिला.

आप्पांच्या खिशात एक चिठ्ठी कायम असते. तिच्यावर मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेरॅझिन आणि हॅलोपेरिडॉल ही मेंदूतील डोपामिनचे (लेव्होडोपापासून तयार होणाऱ्या, हालचाली सांभाळणाऱ्या रसायनाचे) काम अडवणारी, म्हणून टाळायची औषधे लिहिलेली आहेत. एकदा उन्हाळ्यात उलट्या सुरू झाल्या, तेव्हा दवाखान्यात इंजेक्शन भरण्यापूर्वीच मी ती पुढे केली आणि डॉक्टरांनी मेंदूत फारसे न शिरणारे डोम्पेरिडोन दिले.

गोळ्यांची पट्टी अर्धी झाली की मी पुढची आणून ठेवतो, कारण हे औषध एकाएकी थांबले तर तीव्र ताठरपणा आणि ताप येऊन रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.