तुम्ही विचारलंत म्हणून: चुकणाऱ्या अंदाजावर विमान कसे सोडतात?

मी फ्लाइट डिस्पॅचर, म्हणजे जमिनीवर बसून उड्डाणाचा मार्ग, इंधन आणि हवामान यांचे नियोजन करणारा माणूस, आहे हे कळले की लग्नाच्या पंगतीत असो वा सोसायटीच्या सभेत, एक प्रश्न ठरलेला असतो: हवामान खात्याचे अंदाज तर चुकतात, मग त्यांच्या भरवशावर तुम्ही भरलेले विमान सोडता कसे? प्रश्न थोडा खोचक असला तरी रास्त आहे. अंदाज बरोबर येणार असे गृहीत धरून आम्ही विमान सोडतच नाही. तो चुकला तर विमान कुठे जाईल आणि तिथपर्यंत पुरेल एवढे इंधन टाकीत असेल का, हे ठरवण्यासाठी आम्ही तो वाचतो.

शिवाय आम्ही वाचतो तो अंदाज बातम्यांमधला नसतो. ‘कोकणात मुसळधार पावसाची शक्यता’ या वाक्यावर आमचे काहीच ठरत नाही. भारतीय हवामानशास्त्र विभाग मोठ्या विमानतळांसाठी दर सहा तासांनी ‘टॅफ’ नावाचा सांकेतिक अंदाज देतो. पुढच्या 30 तासांतला वारा कोणत्या दिशेने किती नॉटचा, दृश्यमानता किती मीटर, ढगांचा तळ किती फुटांवर, पाऊस किंवा गडगडाट होणार का, एवढेच तो सांगतो, आणि तेही केवळ विमानतळ व त्याच्या लगतच्या परिसरापुरते. त्याच्या जोडीला दर अर्ध्या तासाने ‘मेटार’ येतो. त्यात त्या क्षणाचे प्रत्यक्ष निरीक्षण असते आणि शेवटी पुढच्या दोन तासांचा कल. सगळ्या वेळा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे.

उदाहरण म्हणून जुलैतले दिल्ली–मुंबई उड्डाण घेऊ. ते संध्याकाळी सहाला सुटून सव्वाआठच्या सुमारास मुंबईत उतरणार आहे. मुंबईच्या टॅफमध्ये नैर्ऋत्येचा वारा आणि 3000 मीटर दृश्यमानता दिली आहे. पण साडेपाच ते साडेनऊ या वेळेपुढे ‘टेम्पो’ लिहून 1000 मीटर, गडगडाटी पाऊस आणि सीबी, म्हणजे क्युम्युलोनिम्बस हे गडगडाटी वादळाचे उंच ढग, अशी नोंद आहे. टेम्पो म्हणजे तात्पुरता बदल: एका वेळी तासाभरापेक्षा कमी टिकणारा आणि सगळा मिळून दिलेल्या मुदतीच्या निम्म्याहून कमी. चार तासांपैकी दोन तासांहून कमी वेळ हवा बिघडेल. ती नेमकी सव्वाआठला बिघडेल का, हे अंदाज सांगत नाही.

नियमाने पाहिले तर अडचण नाही, कारण साध्या कॅट-वन आयएलएस पद्धतीने, म्हणजे धावपट्टीकडून येणाऱ्या रेडिओ संकेतांच्या आधारे, उतरायला धावपट्टीवर 550 मीटर दिसले तरी चालते. पाऊस म्हणून पाऊस विमानाला अडवत नाहीच. अडवतो तो सीबीखालचा अचानक दिशा बदलणारा वारा आणि धावपट्टीवर साचलेले पाणी. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी कारभार बहुतेक एकीवरच चालतो. 1 जुलै 2019 च्या रात्री मुसळधार पावसात जयपूरहून आलेले एक विमान मुख्य धावपट्टी ओलांडून पुढे गेले आणि ती धावपट्टी काही दिवस बंद राहिली. म्हणूनच वादळ वीस मिनिटांचे असले तरी विमानांची रांग तासाभराची होऊ शकते, आणि ती रांग कोणत्याच टॅफमध्ये लिहिलेली नसते. माझ्या मते डिस्पॅचरची खरी परीक्षा इथे होते: किमान इंधनावर भागवायचे की आकाशात घिरट्या घालण्यासाठी अर्ध्या तासाचे जादा भरायचे? ए-320 या एअरबसच्या प्रवासी विमानासाठी हे सुमारे अकराशे-बाराशे किलो होते. मी अशा दिवशी ते भरतो. नेहमीच का भरत नाही, असेही लोक विचारतात. त्याचे कारण असे की इंधन वाहून न्यायलाही इंधन जळते आणि जड विमानाला ओल्या धावपट्टीवर थांबायला जास्त अंतर लागते.

याहून चिकट काम म्हणजे पर्यायी विमानतळ, आमच्या भाषेत ऑल्टरनेट, निवडणे. नकाशावर पुणे जवळ दिसते, पण लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे आणि मुंबईहून वळवलेली चार-पाच विमाने एकदम आली तर ती उभी करायची कुठे, हा प्रश्न पडतो. सुरत आणि गोव्यावर अनेकदा मुंबईसारखाच पाऊस चालू असतो. म्हणून मी शक्यतो वेगळ्या हवेतले ठिकाण शोधतो. कधी अहमदाबाद, कधी नागपूर, कधी हैदराबाद. अंतर वाढते, इंधन वाढते, पण मुंबई बुडाली म्हणून ऑल्टरनेटही बुडेल ही शक्यता कमी होते. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्याचेही असेच असते. मेटारमधले तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते तो आकडा) रात्री एकमेकांजवळ सरकू लागले आणि वारा पडला की धुके येणार हे ओळखावे, आणि मग ऑल्टरनेट म्हणून जयपूर-लखनौवर विसंबून राहता येत नाही. तिथेही तेच धुके असू शकते किंवा विमाने उभी करायला जागा उरलेली नसते. मुंबईत लख्ख ऊन असताना तुमचे विमान ‘हवामानामुळे’ उशिरा का, याचे उत्तर पुष्कळदा हेच असते: तुम्हाला नेणारे विमान अजून दिल्लीच्या धुक्यात आहे.

उड्डाण सुटल्यावरही काम संपत नाही. कॅप्टनशी ब्रीफिंगमध्ये बोलणे झालेले असते आणि जादा इंधनाबाबत त्याचा शब्द अखेरचा असतो. मी सुचवले त्यापेक्षा जास्त त्याने मागितले तर मी वाद घालत नाही. वाटेत मी त्याला ताजे मेटार पाठवत राहतो आणि रडारवर पावसाचे पट्टे समुद्रावरून कसे सरकत आहेत ते पाहतो. मोबाइलवरच्या ॲपमधली टक्केवारी इथे निरुपयोगी ठरते, कारण धावपट्टीच्या टोकाशी वारा किती झोताने येतो आहे हे ती सांगत नाही. शेवटच्या तीस मिनिटांचे राखीव इंधन योजनेत कधीच खर्चाला धरलेले नसते. त्याला हात लावावा लागणार असे दिसले तर वैमानिकाला ‘मेडे फ्युएल’, म्हणजे इंधनाची आणीबाणी, पुकारावे लागते. म्हणून घिरट्या कोणत्या आकड्याला सोडून ऑल्टरनेटकडे वळायचे, तो किलोंमधला आकडा आम्ही जमिनीवर असतानाच काढलेला असतो. विमान त्या आकड्याला पोहोचले की मुंबईत पाऊस पाच मिनिटांत थांबेल असे कोणी कितीही सांगितले, तरी ते अहमदाबादकडे वळते.