चंदेरी केस आणि पेशीतल्या फुगलेल्या पिशव्या

आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत चार वर्षांचं पोर सीबीसीसाठी, म्हणजे रक्तपेशी मोजायला आलं. अंगावर सतत गळवं, कान वाहतो, ताप उतरत नाही. बोट टोचताना केसांकडे लक्ष गेलं. काळे नव्हते, कुपोषणात होतात तसे भुरेही नव्हते. राखेसारखी चंदेरी झाक होती. "जलमापासूनच असे हायेत जी," आजी म्हणाल्या. आईबाप आते-मामे भावंडं, म्हणजे जन्मजात दोषाची शक्यता जास्त.

मशीनने पांढऱ्या पेशी कमी दाखवल्या, पण पेशीच्या आत काय आहे ते मशीन सांगत नाही. स्मीअर केला, म्हणजे काचेवर रक्ताचा पातळ थर पसरला. लिशमन हा रंग (स्टेन) 2 मिनिटं, मग त्याच्या दुप्पट बफरचं, म्हणजे आम्लता कायम राखणारं पाणी, पीएच 6.8, 10 मिनिटं. इथे बोअरचं क्षारयुक्त पाणी घेतलं तर स्लाइड निळी पडते आणि पेशीतल्या कणिका ओळखता येत नाहीत.

तेलाच्या भिंगाखाली न्यूट्रोफिलमध्ये (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीत) करडे-जांभळे मोठे गोळे होते, काही 2 मायक्रॉनच्याही वर. आधी वाटलं, स्टेनचा गाळ असेल. पण गाळ पेशींबाहेरही पडतो आणि फोकस हलवला की वेगळ्या पातळीवर दिसतो. जंतुसंसर्गात गडद होणाऱ्या कणिका म्हणाव्यात, तर त्या बारीक आणि पुष्कळ असतात. मग एका लिम्फोसाइटमध्येही (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशीत) तसाच एकुलता एक गोळा सापडला. तिथे माझी खात्री पटली: चेडियाक-हिगाशी, पेशीतल्या कणिका फुगण्याचा जन्मजात आजार.

या कणिका म्हणजे पिशव्याच. न्यूट्रोफिल आपली अस्त्रं त्यांत, तयार होण्याच्या वेळेनुसार वेगळी ठेवतो. वाढीच्या आधीच्या टप्प्यात, प्रोमायलोसाइट असताना बनलेलं मायलोपेरॉक्सिडेज, इलॅस्टेज पहिल्या पिशव्यांत. पुढच्या टप्प्यात, मायलोसाइट झाल्यावर बनलेलं लॅक्टोफेरिन दुसऱ्यांत. जिलॅटिनेज त्याहून उशिरा. बाहेर सोडण्याचा क्रम मात्र उलटा. शेवटी बनलेल्या पिशव्या आधी रिकाम्या होतात, आणि पहिल्या बहुतेक आतच, गिळलेल्या जंतूवर ओतल्या जातात. या आजारात एलवायएसटी जनुक बिघडलेलं असतं (ते 1996 साली सापडलं). पिशव्या एकमेकींत मिसळून फुगतात आणि जंतूपर्यंत वेळेवर पोचत नाहीत. मारक लिम्फोसाइटमध्ये परफोरिन, ग्रॅन्झाइम ही मारक प्रथिनं भरलेली असूनही बाहेर पडत नाहीत. केसांचं मेलॅनिन (रंगद्रव्य)ही अशाच पिशव्यांतून जातं, म्हणून तो रंग.

ग्रिसेली आजारातही केस चंदेरी असतात, पण रक्तातल्या कणिका नेहमीसारख्याच दिसतात. त्याच्या दुसऱ्या प्रकारात आरएबी27ए हे जनुक बिघडतं. पिशवी नीट बनते, पेशीच्या काठापर्यंत येते आणि तिथेच अडकते. म्हणून दोन आजारांत फरक करायला चार केस लिक्विड पॅराफिनच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. ग्रिसेलीत रंगाच्या मोठ्या, वेड्यावाकड्या गुठळ्या असतात. इथे बारीक, सारख्या अंतरावरचे ठिपके होते.

डॉक्टरांना बोलावून स्लाइड दाखवली आणि प्लीहा तपासायला सांगितलं. बरगडीखाली दोन बोटं लागली. ताप, घटलेल्या पेशी आणि वाढलेली प्लीहा एकत्र आली की काम पुरं करता न आल्याने सतत चेतलेल्या मारक पेशींचा आवर सुटल्याची भीती असते, आणि त्यात दिवस घालवून चालत नाही. रिपोर्टवर फेरिटिन, ट्रायग्लिसराइड, फायब्रिनोजेन या रक्तचाचण्या तातडीने कराव्यात असं लिहिलं. मिथेनॉलमध्ये फिक्स केलेल्या दोन बिनरंगी स्लाइड आणि कागदाच्या पुडीत केस सोबत दिले. दुपारच्या रुग्णवाहिकेने पोर नागपूरला गेलं.